चारही चाकांना पावर

७ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोज लिहायचं. निश्चय: राग गिळायचा. मेघाला दिवसाला दोनच मेसेज. कोणी विचारलं सध्या काय करतो, तर 'कॉलेज सोडलं' असं म्हणायचं नाही. 'ऑटोमोबाईल कन्सल्टिंग' म्हणायचं. तसं पाहिलं तर मी मेकॅनिकल सोडलं, मेकॅनिकलनं मला सोडलेलं नाही.

पुरावा आजच मिळाला. मेघाच्या बाबांनी, म्हणजे प्रेमानंदकाकांनी, घरी बोलावून घेतलं. त्यांची जुनी जपानी गाडी वळताना अडते. सरळ जाते तेव्हा राणी. यू-टर्न मारला की कोणीतरी मागून बंपर धरून ठेवलंय अशी होते, आणि खालून कट-कट-घर्र. काका म्हणाले, तू मेकॅनिकलवाला ना गा, पाहून घे जरा. मेघा चहा घेऊन आली होती. तिच्यासमोर म्हणाले हे. मेकॅनिकलवाला.

गाडी साधी नाही. चारही चाकांना पावर आहे. काकांनी ती जुनी घेतली ती एकाच कामासाठी. दादाजी, म्हणजे काकांचे वडील, भिवापूरच्या पुढं मिरचीच्या वावरात राहतात आणि तिथून हलायचं नाव घेत नाहीत. फक्त अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, दीक्षाभूमीवर येतात. छप्पन साली, धम्मदीक्षेच्या वेळी, सतरा वर्षांचे होते, पायी आले होते, तेव्हापासून एक वर्ष चुकलेलं नाही. यंदा गुडघे गेले. एसटीत चढवत नाही. आणि वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसती काळी माती. तिथून त्यांना ही एकच गाडी बाहेर काढू शकते.

मी सांगितलं, काका, दसऱ्याच्या आधी गाडी लोण्यासारखी वळेल. मेघानं माझ्याकडे पाहिलं. चहात साखर जास्त होती. माझ्यासाठीच असणार.

९ सप्टेंबर, मंगळवार

थिअरी मांडली. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं लांबचा रस्ता कापतात, मागची जवळचा. म्हणून पुढं-मागं फिरण्यात फरक पडतो. तो फरक पोटात घालायला गाडीत सोय असते. ती सोय बिघडली की चाकं एकमेकांशी भांडतात आणि गाडी अडते. इतकं सोपं आहे. हे आमच्या प्रोफेसरला नीट सांगता आलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो नसतो, खुर्ची फेकली नसती, आणि आज थर्ड इयरला असतो.

संशयित: मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं, ऑइल. किंवा हॅन्डब्रेक. टायरवर संशय नाही. पुढचे दोन टायर गेल्याच महिन्यात माझ्या सल्ल्यानं बदलले. काका चारही बदलत होते. मी म्हटलं, चार कशाला, मागचे अजून चालतात, पुढचे दोनच टाका, आणि एक साइज मोठे टाका म्हणजे गाडीला रुबाब येतो. काका म्हणाले होते, डोकं आहे पोराले. मेघानं ऐकलं होतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लकडगंजातून सागाचे चार गुटके, चांगले जाड ठोकळे, आणले. गाडी त्यावर चढवून ऑइल बदललं. जुनं ऑइल काळं निघालं. काकांना दाखवलं, तेही गंभीर झाले. मी म्हटलं, सापडलं कारण.

यू-टर्न मारला. कट-कट-घर्र.

नवीन ऑइल मुरायला वेळ लागतो असं सांगितलं. मुरायला ते काही लोणचं नाही, हे मलाही माहीत आहे. पण काका मान डोलवत होते, थांबवणार कसं?

१४ सप्टेंबर, रविवार

हॅन्डब्रेक ढिला केला. जरा जास्तच ढिला झाला. गाडी अंगणातून मागे घरंगळली आणि शेजारच्या कांताबाईंच्या तीन कुंड्या आणि फाटकाचा एक पाय घेऊन थांबली. कांताबाई मेघाला म्हणाल्या, काय वं, तुमचा इंजिनीअर गाडी सुधरवून राहिला का माहं अंगण? मेघा हसली. चांगलं हसली. म्हणजे मला हसली नाही, विनोदाला हसली.

राग गिळला. फाटकाचा पाय सरळ केला. कांताबाई म्हणाल्या, वाकडाच बरा होता.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज निश्चय मोडला, पण कारण तसंच होतं.

मेघा मिहानमध्ये आयटी कंपनीत कामाला लागल्यापासून तिच्या तोंडी एक हर्षित आलाय. तिच्या टीममधला. जेवणाचा डबा याच्यासोबत, कॅब याच्यासोबत. आज ती म्हणे, अंकुश, मी हर्षितला गाडीचं सांगितलं. तो म्हणाला चारही टायर एका मापाचे आहेत का पाहा, अशा गाड्यांना नाही चालत लहान-मोठे. तू पाहिलंस का?

मी विचारलं, हर्षित काय करतो? म्हणे, सॉफ्टवेअर टेस्टिंग. मी म्हटलं, मग त्याला सांग सॉफ्टवेअरचे टायर तपास. अजूनही काही बोललो. ते लिहीत नाही. तिनं फोन ठेवला.

नंतर मेसेज केले. दोनची मर्यादा आज लागू नव्हती. तिनं एकाचंच उत्तर दिलं: दादाजी रोज फोन करून विचारतात गाडी झाली का. तुझं-माझं नंतर पाहू.

'तुझं-माझं' असं लिहिलंय तिनं. म्हणजे काहीतरी आहे.

टायर मी मोजणार नाही. त्या टेस्टिंगवाल्याच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

मोजले.

काका बाजारात गेलेले पाहून आईचा शिलाईचा टेप घेऊन गेलो. चाकाला गुंडाळून मोजलं. पुढच्यात आणि मागच्यात चार बोटं फरक. मागचे झिजलेले, पुढचे नवे आणि वरून एक साइज मोठे. दोन्ही बाजूंनी माझंच डोकं.

म्हणजे ती सोय, जी फक्त वळणावर थोडा फरक पोटात घालायला असते, तिला मी चोवीस तास फरक खाऊ घालत होतो. गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं. गाडी बरोबर होती. ती सांगत होती.

टेप घरी नेऊन ठेवला. आई म्हणाली, याले काळं काय लागलं? मी म्हटलं, रबर. तिनं विचारलं काहून. मी गच्चीत गेलो.

२१ सप्टेंबर, रविवार

सांगायला गेलो होतो. खरंच. वाक्य पाठ केलं होतं: काका, टायरचं माझं चुकलं.

काका दादाजींशी फोनवर होते. स्पीकर चालू. दादाजी ओरडून बोलतात. म्हणे, पोरगा झटून राहिला ना गा? काका म्हणाले, हो बापा, रोज येते, चिखलात झोपते गाडीखाली. आपल्या जित्यापेक्षा भारी आहे. जित्या म्हणजे जितेंद्र, काकांचा सख्खा पुतण्या, सरकारी कॉन्ट्रॅक्टर. त्याच्यापेक्षा भारी.

यानंतर ते वाक्य कसं बोलणार?

आणि बोललो तर मेघा काय म्हणेल? म्हणेल, हर्षित बरोबर होता. तसं ती म्हणणार नाही. पण पाहील.

२३ सप्टेंबर, मंगळवार

उपाय सापडला. माझ्या मित्राच्या, पियुषच्या गॅरेजमध्ये गाडी नेली, टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली. आधी त्याला विचारलं, तुझ्याकडे बदलले ते जुने टायर मिळतील का. म्हणे, ते रबरवाल्यानं नेले, आता त्यांच्या चपला झाल्या असतील.

मग मी दुसरा मार्ग सांगितला. पुढून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब लोखंडी शाफ्ट असतो, तोच काढून टाकायचा. मागची चाकं मोकळी झाली की कोणाशी भांडतील? अनेक मेकॅनिक तपासणीसाठी असं करतात. मी फक्त तपासणी थोडी लांबवतोय.

पियुष म्हणाला, मग चारही चाकांची गाडी दोनाची होईल. घरच्यांना सांगशील ना? मी म्हटलं, सांगीन. तो म्हणाला, मले काय, सासरवाडी तुयी. आणि बोल्ट खोलायला लागला.

शाफ्ट रिक्षानं घरी आणला, पोत्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवला. पाय थोडे बाहेर येतात. म्हणजे शाफ्टचे.

दसरा झाला की एक-एक करून टायर बदलून घेईन, शाफ्ट लावून देईन, कोणाला कळणारही नाही. ही फसवणूक नाही. हे फेज वन आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

काकांनी स्वतः चालवली. नारी रोडच्या चौकात तीन वेळा यू-टर्न. आवाज नाही. काका उतरले, बॉनेटवर हात फिरवला, मग माझ्या डोक्यावर. म्हणाले, दसऱ्याला गाडी तूच चालवायची. मी नाही बसत स्टेअरिंगवर.

मेघा म्हणाली, काय होतं मग? मी म्हटलं, ट्रान्समिशनमध्ये ताण होता, मोकळा केला. खोटं नाही एक अक्षरही.

ती म्हणाली, सॉरी, मी उगाच हर्षितचं सांगितलं तुला. मी म्हटलं, चालतं.

आज झोप यायला हवी होती.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस. सप्टेंबरच्या शेवटी इतका पाऊस नको होता. मोबाईलवर पाहिलं, भिवापूरकडेही आहे. काळी माती लवकर वाळते म्हणतात. कोण म्हणतं ते आठवत नाही.

दोनदा काकांच्या घरापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा बेलही वाजवली. मेघानं दार उघडलं आणि विचारलं, काय रे? मी म्हटलं, पाना राहिला होता माझा. ती आत जाऊन पाना शोधत राहिली. पाना माझ्या खिशात होता.

१ ऑक्टोबर, बुधवार

आईनं माझा पांढरा सदरा इस्त्री केला. ती दरवर्षीसारखी बायकांबरोबर सकाळीच दीक्षाभूमीवर जाणार. म्हणाली, म्हाताऱ्या माणसाले आणून राहिला, पुण्य आहे बाबू. वर्षभर लोक तुले नावं ठेवत होते, आता पाहतील.

ऊन पडलंय आज. वाळेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज काही लिहिण्यासारखं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहितो.

पहाटे निघालो. काका, मेघा, मी. सगळे पांढऱ्यात. उमरेड रोडनं गाडी मस्त पळाली. मेघानं मागच्या सीटवरून हात पुढे करून संत्र्याची फोड दिली. वावराचा रस्ता उतरणीचा, गाडी घसरत-घसरत आत गेली. काका म्हणाले, पाहा, चारही चाकांचा फायदा.

दादाजी ओसरीत तयार बसले होते. पांढरं धोतर, धुतलेली टोपी, हातात काठी. कदाचित पहाटेपासून बसले असतील. मला पाहून म्हणाले, हाच का गा तो? मी पाया पडलो. त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. काहीच वजन नाही त्यांना.

येताना चढ. नाल्याजवळ पुढची चाकं जागीच फिरायला लागली. मी ॲक्सिलरेटर दाबला. अजून रुतली. काका आणि मेघा उतरून मागून ढकलायला लागले. चिखल उडाला तो दोघांवर. मी गुटके टाकले, तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या टाकल्या, शिव्या दिल्या. मातीला.

मग काका बाजूला होऊन उभे राहिले आणि म्हणाले, अंकुश, जरा फिरव चाकं. मी फिरवली. म्हणाले, मागचे फिरून नाही राहिले.

मी म्हटलं, कधीकधी उशिरा लागतं.

काका खाली बसले. मग झोपले. पांढऱ्या कपड्यांत, चिखलात, गाडीखाली डोकं घातलं. मेघा म्हणाली, बाबा, कपडे. ते थोडा वेळ तसेच होते. उठले तेव्हा पाठ सगळी काळी होती. माझ्या खिडकीशी आले आणि हळूच विचारलं, शाफ्ट कुठं आहे गा?

मी म्हटलं, घरी. पलंगाखाली.

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, मलाही काही बोलता आलं असतं. शेजारच्या सीटवरून दादाजींनी विचारलं, काय झालं रे प्रेमा? त्यांना ऐकू कमी येतं. काका मोठ्यानं म्हणाले, काही नाही बापा. चिखल लय आहे.

मेघानं ऐकलं होतं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. हातावरचा चिखल खरवडत होती, एक-एक बोट.

मी ट्रॅक्टर आणायला पळालो. शेजारच्या वावरात चंद्रभान पाटलांचा ट्रॅक्टर धुऊन, झेंडू घालून उभा. पाटील म्हणाले, आज औजारं बसवलेली असतात बाबू, पूजा व्हायची आहे, चाक हलवत नाही आम्ही. मी हात जोडले. कोणाला न्यायचंय ते सांगितलं. ते विचारात पडले. म्हणाले, पूजा उरकतो अन् येतो, म्हाताऱ्याचं काम आहे. आले. हार तसाच ठेवून आले. पण तोवर ऊन डोक्यावरून उतरलं होतं.

गाडी निघाली. दादाजींची मान सीटवर कलली होती, सकाळपासून बसून. काका म्हणाले, बापा, आताही निघू, रात्र झाली तरी पोहोचू. दादाजी म्हणाले, नाही गा. कंबर नाही देत साथ. मले इथंच उतरव.

उतरवलं. त्यांनी विचारलं, नागपूर कोणीकडं? मेघानं हात करून दाखवलं. त्यांनी त्या दिशेला तोंड केलं, चपला काढल्या, काकांच्या खांद्याला धरून चिखलात उभे राहिले आणि वंदना सुरू केली. आम्ही मागून म्हणत होतो. पाटीलही हात जोडून ट्रॅक्टरजवळ उभे. मग पंचशील. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथं आलं, मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. माझा आवाज आला नाही. लहानपणापासून पाठ आहे. काका आणि मेघा दोघांचा आला, माझा नाही, आणि ते त्या मोकळ्या वावरात स्पष्ट ऐकू आलं असणार.

दादाजींना ट्रॉलीतून परत घरी नेलं. गाडीतून उमरेडपर्यंत आलो. तिथून मी एसटीनं आलो. कोणी उतर म्हटलं नव्हतं. थांब असंही म्हटलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आईला कळलं. तिनं पलंगाखाली झाडताना पोतं सरकवून पुन्हा होतं तिथंच ठेवलं.

पावसाचं प्रमाण यंदा खरंच जास्त होतं. हवामान खात्यानंही मान्य केलंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मेघाचा मेसेज. शनिवारी दुपारी ये, घरी कोणी नसतं.

हे वाचून दहा मिनिटं गच्चीत उभा होतो. घरी कोणी नसतं. म्हणजे बोलायचं आहे तिला. ती समजून घेईल असं मला आतून वाटतच होतं. पियुषला सांगितलं. तो म्हणाला, पूर्ण वाच. मी म्हटलं, पूर्णच आहे. इतक्यात दुसरा आला: शाफ्ट घेऊन ये. बाबांना तू समोर नको आहेस.

तरी दोन मेसेज केले तिनं. एकात झालं असतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

इस्त्रीचा शर्ट घातला. का घातला कोण जाणे. रिक्षावाला म्हणाला, काय गा, तोफ नेऊन राहिला का? मी म्हटलं, कन्सल्टिंग.

मेघा नव्हती. दाराला कुलूप. कांताबाई फाटकातून म्हणाल्या, जिन्याखाली ठेव म्हणाली ते. ठेवला. गाडीकडे पाहिलं. चारही टायर नवे, एका मापाचे. मी ते चारही टायर पाहत उभा होतो तेव्हा कांताबाईंनी पाणी आणून दिलं. टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

निघताना म्हणाल्या, चौदा तारखेले आणून राहिले म्हाताऱ्याले. दीक्षेच्या तारखेप्रमाणं. नशीब, पाऊस उघडला.

निश्चय: चौदाला दीक्षाभूमीकडे फिरकायचं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो. आई म्हणाली म्हणून गेलो. आई तसं म्हणाली नव्हती.

फार गर्दी नव्हती. पुस्तकांच्या एका दुकानामागं उभा राहिलो, पुस्तक हातात घेऊन. गाडी आली. काकांनी दार उघडलं, मेघानं काठी दिली. हर्षित असेल असं वाटलं होतं. नव्हता. कोणीच नव्हतं, घरचीच माणसं. इतके दिवस मी कोणाशी भांडत होतो?

दादाजी स्तूपाकडे पाहत बराच वेळ नुसते उभे राहिले. मग आत गेले. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते आणि पुसता-पुसता त्यांना मी दिसलो. कान गेलेत, नजर शाबूत आहे. काठी वर करून हाक मारली, ए बाबू, इकडं ये. पळता आलं नाही. काका आणि मेघा दोघं बाजूलाच होते.

पाया पडलो. दादाजींनी माझा हात धरला आणि सोडला नाही. म्हणाले, त्या दिवसापासून आला नाही म्हणतात तू. लाज वाटून राहिली का? अरे, चिखलच लय होता. तुयी काही गलती नाही. तू तर जीव काढला. ह्या प्रेमानं सांगितलं मले.

काका जमिनीकडे पाहत होते. मेघा माझ्याकडे पाहत होती. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. वाट पाहत असल्यासारखी. मी तोंड उघडलं. वाक्य पाठ होतं, केव्हापासून पाठ होतं.

म्हटलं, हो दादाजी. लय चिखल होता.

मेघानं काठी त्यांच्या दुसऱ्या हातात दिली आणि त्यांना गाडीकडे घेऊन गेली.

होताच की चिखल. सगळ्यांनी पाहिला.